रिपोर्ट छापून झाल्यावरची प्रार्थना

सिकलसेल प्रार्थनेने बरा होत नाही. हे आधीच सांगून टाकते. मागे एकदा गुरुदेव सेवा मंडळाच्या कार्यक्रमात मी बोलले, आणि खाली उतरल्यावर एक तरुण बाई बाळाला कडेवर घेऊन माझ्यापाशी आली. म्हणाली, "ताई, तुमच्या पोरीचं प्रार्थनेनंच बरं झालं नं जी?" मी तसं बोललेच नव्हते, पण तिला तेच ऐकू आलं होतं. तिच्या जागी मी असते तर मलाही तेच ऐकू आलं असतं. म्हणून आता लिहून ठेवते आहे. आकडे घातलेत ते सोयीसाठी. शिकणं काही या क्रमाने झालं नाही.

मी नागपूरची, सक्करदऱ्याकडची. माहेर वर्धा जिल्ह्यातलं, सासर तिवसा तालुक्यातलं, म्हणजे मोझरीच्या गुरुकुंज आश्रमाच्या अंगणातलंच. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. ते गुरुदेव सेवा मंडळाचे जुने सेवक. भगवी टोपी, पहाटेचं ध्यान, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना, आणि भेटणाऱ्या प्रत्येकाला 'जय गुरुदेव'. तुकडोजी महाराजांना खंजिरी वाजवताना त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. मी लग्न करून आले तेव्हा हे सगळं मला सासरच्या घरातलं एक काम वाटायचं, सडा-सारवणासारखं.

१. ठरून गेलेलं मागू नये.

मुलगी दोन वर्षांचीही नव्हती तेव्हा तिच्या हातापायांची बोटं सुजली. हात लावू देईना. शेजारणींनी नजर काढली, मीठ-मोहरी ओवाळली. मग डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. आधी सोल्युबिलिटी, नंतर इलेक्ट्रोफोरेसिस. मुलगी 'एसएस' निघाली, म्हणजे सिकलसेलची रुग्ण. मग आमची दोघांची तपासणी झाली. दोघंही 'एएस', म्हणजे वाहक. आम्हाला कधी साधा त्रास झाला नव्हता, त्यामुळे हे नाव घरात कोणी घेतलंच नव्हतं. डॉक्टरांनी कागदावर चार चौकोन काढून दाखवले: दोघंही वाहक असले की प्रत्येक गर्भाच्या वेळी चारात एक शक्यता आजाराची, दोन वाहक होण्याची, एक पूर्ण मोकळं, म्हणजे 'एए', असण्याची. प्रत्येक वेळी, पुन्हा नव्याने. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढच्या तिघांना अभय मिळत नाही.

विदर्भात हा आजार नवा नाही. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात आहे, नागपूर शहरात आहे, अनेक जातीजमातींत आहे. रक्तातल्या लाल पेशी वाकड्या होऊन विळ्यासारख्या दिसतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढे रक्त जायचं थांबतं. मग दुखणं. कसं दुखतं ते मी लिहू शकत नाही, कारण माझं दुखलं नाही.

त्यानंतरची दोन-तीन वर्षं मी नवस बोलत फिरले. कोराडीची देवी, अदाशाचा गणपती, टेशनाजवळचा टेकडीचा गणपती. मागणं एकच: हे जाऊ दे. मामाजींनी कधी अडवलं नाही. खरं तर नवसाच्या नावाखाली चालणाऱ्या प्रकारांवर खुद्द तुकडोजी महाराजांनी आयुष्यभर कोरडे ओढले, आणि मामाजी तर त्यांचे पक्के सेवक. पण एकदा मी अदाशाहून आले, चप्पल काढत होते, तेव्हा ते म्हणाले, "सूनबाई, जे पोटात असतानाच ठरून गेलं, त्याच्यासाठी देवाले काहून पाठीमागं पळवतं? पुढचं माग नं."

पुढचं म्हणजे काय? आज रात्री ताप येऊ नये. एप्रिलच्या उन्हात तिच्या शाळेतल्या बाईंनी तिला पाण्यासाठी उठू द्यावं. मला रागावर ताबा राहावा. ही मागणी इतकी लहान होती की देवापुढे ठेवायला लाज वाटायची. पण ती खुली होती, तिचं उत्तर अजून कुठे छापलेलं नव्हतं. आणि निम्म्याहून जास्त गोष्टी माझ्याच हातात आहेत, हे मागता मागता लक्षात यायचं. शाळेतल्या बाईंना जाऊन भेटायला देवाची गरज नव्हती.

२. गोड बोलू नये.

आमच्या मंडळात प्रार्थना संपली की थोडा वेळ मौन असतं. ठरलेले शब्द संपलेले असतात आणि माणूस एकटा उरतो. त्या मौनात मी बरीच वर्षं चांगलं चांगलं बोलत होते. तुझी इच्छा, तुझी कृपा, तू बघून घेशील. आतून मात्र दुसरंच चाललेलं.

डिसेंबर-जानेवारीत नागपुरात पारा दहाच्या खाली उतरतो. थंडी हा सिकलसेलच्या मुलांचा शत्रू. अशाच एका थंडीत मुलीला दुखण्याचा जबर झटका, म्हणजे क्रायसिस, आला. हॉस्पिटल, सलाईन, इंजेक्शनं. ती नऊ-दहा वर्षांची होती. मध्यरात्री वॉर्डात ती ओरडत होती आणि मी तिचे पाय धरून बसले होते. माझ्या तोंडून निघालं, "संपू दे हे. कसंही." आणि 'कसंही' या शब्दात काय काय बसतं ते मला त्याच क्षणी समजलं. तो शब्द मी परत घेतला नाही. तेवढं खरं मी देवाशी त्याआधी कधी बोलले नव्हते.

मुलगी घरी आल्यावर मामाजींना सांगितलं. वाटलं, रागावतील. ते सुपारी कातरत बसले होते. म्हणाले, "त्याच्यापासून काय लपवतं? त्याले तर तुयाआधी मालूम राह्यते." आणि पुढे सुपारीच कातरत राहिले.

नंतर विचार केला, तर यात नवल काहीच नव्हतं. आपल्या संतांनी देवाशी गोड बोलण्याचा करार कधी केलाच नाही. नामदेव हट्ट धरून बसले, जनाबाईने विठ्ठलाला शिव्या घातल्या, तुकोबांनी तर त्याचा हिशेब काढला, लाज काढली. त्यांचे अभंग आपण भजनात टाळ वाजवत म्हणतो, म्हणून त्यातलं भांडण ऐकू येत नाही. एखादा भांडणाचा अभंग कधी चालीशिवाय, नुसता वाचून बघा.

त्या रात्रीनंतर मौनात मी जे असेल ते बोलते. कधी राग असतो. कधी नणंदेचा मत्सर असतो, तिची मुलं धावतात म्हणून. बऱ्याच वेळा नुसता कंटाळा असतो. कंटाळा आलाय हेसुद्धा सांगते.

३. काही वाटत नसलं तरी बसावं.

यावर जास्त लिहिण्यासारखं नाही, कारण यात घडत काहीच नाही. मुलीला हायड्रॉक्सियुरिया सुरू झालं. ही गोळी आज घेतली आणि उद्या बरं वाटलं, असं होत नाही. महिनोन् महिने रोज घ्यावी लागते, अधूनमधून रक्त तपासावं लागतं, आणि गुण आला की नाही हे एखादा हिवाळा त्यातल्या त्यात बरा गेला की मागे वळून कळतं. गोळी विसरायला नको म्हणून मी तिची वेळ संध्याकाळच्या प्रार्थनेनंतरची ठेवली. गोळी चुकवायची नाही, म्हणून प्रार्थनाही चुकायची नाही. माझ्या चिकाटीची गोष्ट एवढीच आहे. तिच्यात भक्तीपेक्षा घड्याळ जास्त आहे, हे मला मान्य आहे.

पावसाळ्यात कधी प्रार्थनेला तिघं-चौघंच असायचे. वीज गेलेली, डास चावत असलेले. भाव वगैरे काही दाटून यायचा नाही. तरी शेवटपर्यंत बसायचं. मामाजींचा एकच नियम होता: मधून उठायचं नाही.

४. एकटीने पुरत नाही.

मला एकटीने प्रार्थना करायला आवडायचं, अजूनही आवडतं. पण एकटीच्या प्रार्थनेत मी फार लवकर स्वतःभोवती फिरायला लागते, आणि तिथून बाहेर काढायला कोणी नसतं. तुकडोजी महाराजांनी सामुदायिकवर एवढा जोर का दिला असेल, हे मला वॉर्डात बसून बसून कळलं.

यावलीच्या गरीब घरातला, ३० एप्रिल १९०९ ला जन्मलेला माणिक इंगळे हा मुलगा. वरखेडच्या अडकोजी महाराजांपाशी वाढला. रामटेक, सालबर्डी, रामदिघीच्या रानात एकांतात राहिला. एवढा एकांत भोगलेल्या माणसाने परत येऊन काय मांडावं? तर सगळ्यांनी ओळीत बसून, एका वेळी, एका सुरात म्हणायची प्रार्थना. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज उभा केला, पुढच्याच वर्षी सेवाग्रामला गांधीजींपाशी जवळजवळ महिनाभर राहून आले. १९४२ च्या आंदोलनात चंद्रपूरला पकडले गेले. नागपूरच्या आणि मग रायपूरच्या तुरुंगात राहिले. एकांताचं पुढे काय करायचं, याचं त्यांचं उत्तर मला पटतं: तो लोकांत आणून ठेवायचा.

आमच्या मंडळात समोर मूर्ती नसते. अधिष्ठान असतं, म्हणजे मांडलेलं एक रिकामं आसन. ज्याला जो देव दिसायचा तो तिथे दिसू दे. नवीन आलेल्यांना हे विचित्र वाटतं, नमस्कार कोणाला करायचा ते समजत नाही. मला त्या रिकाम्या आसनाची मदतच झाली. मूर्ती हसरी असते, तिच्यापुढे रागाचं बोलायला जीभ वळत नाही.

  

५. चमत्कार सांगणाऱ्यांशी वाद घालू नये, त्यांच्या मागेही जाऊ नये.

शेजारच्या खाला मला ताजबागला, ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यात घेऊन जायच्या. आमच्याकडून चालत जाण्याएवढंच अंतर. बाबांचा जन्म १८६१ चा, कामठीचा. लोकांना ते वेडे वाटले, आणि १८९२ मध्ये त्यांना नागपूरच्या पागलखान्यात ठेवलं. सोळा वर्षं ते तिथे होते, आणि लोक दर्शनाला पागलखान्याच्या दारात जमू लागले. शेवटी १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना सोडवून सक्करदऱ्याच्या वाड्यावर आणलं. एकच माणूस डॉक्टरांच्या वहीत रुग्ण आणि दाराबाहेरच्या गर्दीला अवलिया. या शहरात राहून मी कोणाच्या अनुभवाला चटकन हसत नाही, आणि चटकन मान डोलावतही नाही. खाला दर्ग्यात माझ्या मुलीसाठी रडायच्या. मला बाबांपेक्षा खाला जास्त आठवतात.

६. जे उमगतं ते बहुधा अडचणीचं असतं.

प्रार्थनेतून ज्ञान मिळतं असं म्हणतात. मला वाटायचं ते शांत, उजेडासारखं काहीतरी असेल. मला जे मिळालं त्याने आधी माझी झोप उडवली.

मुलगी बारावीत होती. मी नेहमीसारखी मौनात बसले होते आणि तिच्या दुखण्यासाठी बोलत होते. बोलता बोलता लक्षात आलं की मी दुखण्याबद्दल बोलतच नाहीये. मी म्हणत होते: कोणाला कळू नये. दवाखान्याची फाईल पाहुण्यांच्या नजरेस पडू नये. पुढे हिच्या लग्नाचं काय. वर्षानुवर्षं मी तिच्या वेदनेसाठी मागते आहे असं समजत होते, आणि त्या मागण्याच्या पोटात माझी लाज बसलेली होती. हे मला कोणी सांगितलं नाही. रोज खरं बोलायची सवय लागली की एक दिवस आपलंच वाक्य आपल्याला ऐकू येतं, तसं झालं.

हे समजल्यावर तसंच बसून राहता येईना. मग दीर, नणंदा, माझे भाऊ, त्यांची लग्नाची मुलं, सगळ्यांना सांगितलं: तपासून घ्या. फोनवर काही जणांनी विषय बदलला. एका घरातून तर बरेच दिवस येणंजाणं बंद झालं. पण तपासण्या झाल्या, आणि वाहक निघाले. निघणारच होते.

मला या बाबतीत लक्ष्मीबाई टिळकांची आठवण येते. त्यांचे पती रेव्हरंड टिळक काही काळ नागपुरात होते. राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना बायबल दिलं, आणि पुढे १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ती गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मला जवळची वाटते ती लक्ष्मीबाईंची. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून त्या लगेच मागे गेल्या नाहीत. सोवळं-ओवळं सांभाळत, रडत, भांडत त्यांनी वर्षं काढली. मग एके दिवशी विचार करता करता त्यांना उमगलं की जातपात देवाने केलेली नाही, माणसांनी केली आहे. आणि आता आपण कोणाच्याही हातचं खाऊ-पिऊ. 'स्मृतिचित्रे'त हे त्यांनी फार साधेपणाने लिहिलंय. आकाशवाणी नाही, दिव्य प्रकाश नाही. पाण्याचा पेला कोणाच्या हातून घ्यायचा, एवढंच. पण तेवढ्यासाठी त्यांना आपलं अख्खं आयुष्य हलवावं लागलं.

माझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट झाली. एका तपासणी शिबिरात डॉक्टर समजावत होते की वाहक माणसाला जीवघेण्या हिवतापापासून काहीसं संरक्षण मिळतं. म्हणून हिवतापाच्या, जंगलाच्या मुलखात ही खूण पिढ्यान् पिढ्या टिकून राहिली. माझ्या कोण्या खापरपणजीला हिवताप आला असेल, आणि रक्तातल्या या अर्ध्या वाकडेपणामुळे ती जगली असेल. ती जगली म्हणून मी आहे. मी इतकी वर्षं देवाला जे काढून टाक म्हणत होते, त्याच्याच आधाराने माझं घराणं इथवर आलं असेल, हा विचार मला त्या दिवशी पचला नाही. अजून पुरता पचलेला नाही. माझ्या मुलीचं दुखणं त्याने कमी होत नाही. पण 'आमच्याच वाट्याला का' हा प्रश्न तेव्हापासून मी विचारलेला नाही.

७. प्रार्थना झाली की उठावं.

१९५५ च्या ग्रामगीतेत महाराजांनी प्रार्थनेबद्दल लिहिलं, तसंच गावाच्या सफाईबद्दल आणि आरोग्याबद्दलही लिहिलं, त्याच ग्रंथात. आमच्या मंडळाने प्रार्थनेच्या ओसरीतच रक्ततपासणीचं शिबिर घेतलं तेव्हा एकदोघांनी नाकं मुरडली. आता सरकारनेही जुलै २०२३ पासून राष्ट्रीय मोहीम काढली आहे, २०४७ पर्यंत सिकलसेल हद्दपार करायचा म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात हा आजार आला, त्याचं प्रमाणपत्र कुठे मिळतं हे मला प्रार्थनेला आलेल्या एका निवृत्त लिपिकाने सांगितलं. पुढच्या आठवड्यात त्यांनीच अर्जही भरून दिला.

महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते. ११ ऑक्टोबर १९६८ ला त्यांनी देह ठेवला ती वेळ. एवढा मोठा समुदाय एका क्षणी गप्प होतो, कोणाचं पोरही रडत नाही असं वाटतं. मी दोन-तीनदा गेले आहे. पण मला तिथे मौनापेक्षा त्याच्या नंतरची धावपळ आवडते. पंगती, वाढपी, हरवलेल्या म्हाताऱ्यांच्या नावाचे पुकारे.

८. आपला देव मुलांवर लादू नये.

मुलगी प्रार्थनेला येत नाही. लहानपणी मांडीवर बसून यायची, मग कॉलेजात गेल्यावर थांबली. म्हणाली, "आई, तू बस. दुखतं मला, बोलायचं काय ते मी बघीन." मामाजी तेव्हा होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "बरोबर बोलली पोट्टी."

ती आता नोकरी करते. हिवाळ्यात अजून रजा टाकावी लागते, कमरेच्या हाडाचा त्रास आहे. मागच्या वर्षी तिला एक स्थळ आलं. मुलाकडच्यांना तिने पहिल्याच भेटीत सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. मी चहाचा ट्रे धरून उभी होते. पत्रिकेचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, "पत्रिका नंतर पाहू जी. आधी इलेक्ट्रोफोरेसिसचा रिपोर्ट आणा." मुलगा हसला. त्याच आठवड्यात त्याने रक्त दिलं.

रिपोर्ट यायच्या आदल्या संध्याकाळी मी मंडळात बसले होते. मौन सुरू झालं आणि माझ्या मनात आलंच: एए असू दे. मग आठवलं की त्याचं काय आहे ते तो जन्मायच्या आधीच ठरलेलं आहे, आणि कागदही एव्हाना कुठल्या तरी मशीनमधून निघाला असेल. म्हणून मग ते सोडलं, आणि एएस निघाला तर दोघांनाही चेहऱ्यावर काही न दाखवता चहा द्यायला जमू दे, एवढंच मागितलं.

दुसऱ्या दिवशी मुलीने फोनवर रिपोर्ट उघडून माझ्यासमोर धरला. एए होतं. मी डोळे पुसायला पदर शोधत होते. ती म्हणाली, "आता आण ती पत्रिका, आजीले पाहायची हौस आहे नं."